राष्ट्रीय चर्चासत्र आणि इंदुरी पोहे

महाविद्यालयीन जगात ज्याला राष्ट्रीय चर्चासत्र म्हणतात तो दोन किंवा तीन दिवसांचा सोहळा असून त्यात गावोगावचे अध्यापक एकत्र येऊन एकमेकांना शोधनिबंध वाचून दाखवतात, अशी त्याची अधिकृत व्याख्या करता येईल. ही व्याख्या चुकीची नाही. पण चर्चासत्राला कोण जातो आणि कशासाठी जातो, याचा उलगडा तिच्यातून होत नाही. निमंत्रणपत्र विभागात येऊन पडले की ते वाचण्याचा एक क्रम ठरलेला असतो. आधी स्थळ पाहिले जाते, मग तारखा, मग निवासाची सोय, मग नोंदणीशुल्क, आणि वेळ उरलाच तर विषय. स्थळ मनाजोगे असले की विषयाची अडचण सहसा येत नाही, कारण ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शेपूट कोणत्याही शीर्षकाला लागते आणि जुन्या निबंधाचे पहिले पान बदलले की तो नव्या विषयात मुकाट्याने जाऊन बसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी ‘एपीआय’ नावाची गुणांकन पद्धत आणली आणि चर्चासत्रात निबंध वाचण्यालाही गुण मिळू लागले, तेव्हा या प्रवासाला शास्त्राधार लाभला. त्याआधी लोक जात नसत असे मुळीच नाही; फक्त परत आल्यावर गुण मिळत नसत. अनुदान मार्चअखेर खर्ची पडले पाहिजे या दंडकामुळे जानेवारी ते मार्च हा चर्चासत्रांचा भर हंगाम ठरतो, आणि त्या हंगामाच्या पूर्वार्धात माळव्याची थंडी अंगाला मानवणारी असून इंदूरच्या सराफा बाजारात तळलेला गराडू कंद मिळत असतो, हा निव्वळ योगायोग मानावा लागतो.

अशा हंगामी विद्वत्तेला इंदूरइतके अनुकूल दुसरे शहर शोधून सापडणे कठीण आहे, कारण तिथे खाण्याचे वेळापत्रक आणि चर्चासत्राचे वेळापत्रक वरवर पाहता एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. शहराचे सर्वांत मोलाचे खाणे सकाळी नऊच्या आत आणि रात्री नऊनंतर घडते; उद्घाटन, बीजभाषण, तांत्रिक सत्रे आणि समारोप हे सारे मधल्या भाकड वेळात उरकून घेता येते. तात्त्विकदृष्ट्या प्रतिनिधीला दोन्हींचा पुरेपूर लाभ घेता यावा. व्यवहारात रात्र सकाळला खाते, सकाळ उद्घाटनाला खाते, आणि पहिल्या सत्रात निबंधवाचक, सत्राध्यक्ष व ध्वनिक्षेपक सांभाळणारा मुलगा एवढेच तिघे हजर राहतात. त्यातला तिसरा सर्वांत लक्षपूर्वक ऐकत असतो, कारण आवाज मध्येच कुरकुरला तर दोष त्याच्यावर येणार असतो.

संमेलनांच्या बाबतीत इंदूरची परंपरा जुनी आणि घसघशीत आहे. मराठी साहित्य संमेलन तिथे १९१७ मध्ये गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली भरले, पुढे १९३५ मध्ये भरले आणि २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा भरले. हिंदी साहित्य संमेलनही १९१८ आणि १९३५ अशा दोन खेपांना याच शहरात झाले आणि दोन्ही वेळा अध्यक्षपदी महात्मा गांधी होते. १९३५ हे साल या दृष्टीने विशेष चिंतनीय आहे, कारण त्या वर्षीच्या मराठी संमेलनाचे अध्यक्ष औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक होते आणि हिंदी संमेलनाचे अध्यक्ष उपवासांसाठी जगभर ख्यातकीर्त होते. एकाच वर्षी व्यायाम आणि लंघन यांचे दोन महान पुरस्कर्ते जिलबीच्या शहरात येऊन गेले आणि जिलबीवर त्याचा काडीमात्र परिणाम झाला नाही, यावरून त्या शहराची सांस्कृतिक ताकद ध्यानात यावी. अलीकडे, जानेवारी २०२३ मध्ये, प्रवासी भारतीय दिवसाचा मोठा सोहळा इंदूरने पार पाडला. तेव्हा देशोदेशीचे पाहुणे आले आणि त्यांनाही पोहेच खाऊ घातले गेले.

महाराष्ट्रातून गेलेला प्रतिनिधी इंदूरला पाहुणा म्हणून उतरत नाही, थोडासा मालक म्हणून उतरतो. होळकरांचे राज्य, अहिल्याबाईंचे नाव धारण करणारे विद्यापीठ, रस्त्यावरच्या पाट्यांतून डोकावणारी मराठी आडनावे आणि दोन पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली एखादी आत्या, एवढ्या भांडवलावर तो स्टेशनाबाहेर पडता पडताच शहराविषयी आपुलकीने व किंचित वडीलकीने बोलू लागतो. ही वडीलकी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातपर्यंत टिकते. साडेसातला त्याच्यासमोर पोहे येतात.

इंदुरी पोहे म्हणजे काय, हे इथे नीट सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातले कांदेपोहे कढईत होतात: फोडणीत कांदा परततात, भिजवलेले पोहे त्यात घालून झाकण ठेवतात, एक वाफ आली की वरून ओले खोबरे आणि कोथिंबीर पेरतात, आणि मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात ते कोणी केले याविषयी खोटे बोलतात. इंदुरात भिजवलेल्या पोह्यांना हळद, साखर, मीठ आणि बडीशेप लावून ते मोठ्या परातीत घालतात, परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवतात, आणि ते सकाळभर वाफेवर गरम व लुसलुशीत राहतात. तेलाचा वास त्यांना जवळजवळ नसतो. गिऱ्हाईक आले की बशीत त्यांचा ढीग करून वर कच्चा कांदा, मूठभर शेव, लिंबू आणि जीरावन घालतात. जीरावन म्हणजे जिरे, धने, आमचूर, काळे मीठ इत्यादींची आंबटतिखट भुकटी, जी माळव्यात पोह्यांपासून पेरूपर्यंत कशावरही पडते. शेजारच्या कढईतून निघालेली जिलबी त्याच बशीच्या कडेला येऊन बसते, आणि एक घास तिखट, एक घास गोड असा क्रम उभ्या उभ्या सुरू होतो.

या बशीपुढे मराठी प्रतिनिधीच्या प्रतिक्रियेचे टप्पे पडतात. प्रथम तो बडीशेप बाजूला काढतो, कारण पोह्यांत बडीशेप ही त्याला मुखशुद्धी चुकून आधीच वाढल्यासारखी वाटते. नंतर हे पोहे मुळात आपलेच, होळकरांबरोबर इकडे आलेले, असा ऐतिहासिक सिद्धांत तो मांडतो. तसे लोक सांगतात हे खरे, पण या सिद्धांताला पुरावा विचारणारा माणूस त्या वेळी सोबत नसतो आणि असला तरी त्याच्या तोंडात जिलबी असते. पुढे तो उसळपोहे मागवतो, म्हणजे तिखट उसळीचा रस्सा घातलेले पोहे, आणि त्यात मिसळीची दूरची बहीण ओळखून त्याला गहिवरून येते. अखेर तो दुसरी बशी घेतो आणि घरी फोन करून ‘तसे बरे असतात’ एवढीच कबुली देतो. ठेल्यावरचा माणूस हे सगळे शांतपणे पाहत असतो. ‘भिया, और सेंव डालूँ?’ एवढाच त्याचा प्रश्न असतो आणि त्याला नकार दिल्याचे उदाहरण विरळा.

सभागृहात जे जेवण मिळते त्याचा इंदूरशी संबंध नसतो. राष्ट्रीय चर्चासत्राचे दुपारचे जेवण हा स्वतंत्र खाद्यप्रकार असून गुवाहाटीपासून गांधीनगरपर्यंत त्याचे स्वरूप एकच आहे: लाल ग्रेव्हीतले पनीर, जिरा राईस, कोणत्या भाज्या हे न सांगणारी मिक्स व्हेज, आणि कोमट पाकात बुडालेले गुलाबजाम. प्रादेशिक अस्मितांचा अभ्यास करणारे विद्वान या अखिल भारतीय पनीरासमोर रांग लावतात, ही राष्ट्रीय एकात्मतेची फारशी दखल न घेतली गेलेली बाजू आहे. मात्र एखादा आयोजक उत्साही निघाला आणि त्याने दुसऱ्या दिवशी दालबाफल्याचा बेत ठरवला, तर चर्चासत्राच्या इतिहासाला वेगळे वळण लागते. बाफले म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे. ते आधी हळदीच्या पाण्यात उकडतात, मग गोवऱ्यांच्या धगीवर किंवा भट्टीत भाजतात, आणि शेवटी फोडून तुपात बुडवतात. राजस्थानी बाटी नुसती भाजलेली असते. बाफला उकडून आणि भाजून असा दुहेरी सिद्ध झालेला असल्यामुळे पोटात गेल्यावर तो अधिक अधिकाराने वागतो. बरोबर डाळ, कढी आणि चुरम्याचे लाडू असतात. वाढणाऱ्याच्या हातातली तुपाची वाटी पाहुण्याच्या ‘बस बस’ला दाद देत नाही.

बाफल्यानंतरचे सत्र ज्याच्या वाट्याला येते त्याच्याविषयी सहानुभूती बाळगणेच माणुसकीचे आहे. अडीच वाजता पडदे ओढलेल्या सभागृहात प्रोजेक्टरच्या निळसर उजेडात पहिल्या रांगेतील मान्यवर डोळे मिटून ऐकतात, दुसऱ्या रांगेतील ऐकत नसूनही मान हलवतात, आणि मागच्या रांगेत घोरण्याचा एक स्पष्ट आवाज येऊ लागतो, ज्याचा उगम कोणता हे शिष्टाचारामुळे शोधले जात नाही. निबंधवाचकाने आपल्या विषयाची व्याप्ती सांगावी, मर्यादा सांगाव्यात, संशोधनपद्धती सांगावी, आणि निष्कर्षापाशी यावे तोच अध्यक्षांनी दचकून जागे होऊन ‘वेळेअभावी’ हा शब्द उच्चारावा, असा या सत्राचा आकृतिबंध असतो. प्रश्नोत्तरे होत नाहीत. समाजशास्त्रात ज्याला सर्वसंमती म्हणतात तिच्यामागे किती ठिकाणी तूप असेल, हा संशोधनाला खुला विषय आहे.

स्थलदर्शनाची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे, कारण ते हजेरीपटावर सही करणे आणि प्रमाणपत्र मिळणे यांच्या मधल्या अवकाशात बसवावे लागते. जाणकार प्रतिनिधी सकाळची आणि दुपारची सही एकदमच करून मोकळा होतो. त्याची पहिली धाव राजवाड्याकडे जाते. होळकरांचा हा सात मजली वाडा खाली तीन मजले दगडाचा आणि वर चार मजले लाकडाचा असून त्याने आजवर तीन मोठ्या आगी सोसल्या, शेवटची १९८४ मध्ये. पाठीमागचा जळालेला भाग नंतर पुन्हा उभारला गेला. दर्शनी भागासमोर छायाचित्र काढताना प्रतिनिधीच्या गळ्यात चर्चासत्राचे ओळखपत्र लोंबत असते. छायाचित्रात ते येऊ नये म्हणून तो ते शर्टाच्या आत सारतो, आणि संध्याकाळी नेमके तेच छायाचित्र विभागप्रमुखही असलेल्या व्हॉट्सॲप गटात चुकून पडते. तिथून जवळच, इतवारिया बाजारात, शेठ हुकुमचंद यांनी बांधलेले काचमंदिर आहे. त्या जैन मंदिराच्या भिंती, खांब, छत असे सगळे काचेच्या तुकड्यांनी मढवलेले असून आरशांच्या योजनेमुळे मूर्तीची प्रतिबिंबे दूरवर मालिकेने दिसत राहतात. सत्र बुडवून आलेल्या माणसाला तिथे आपलेही चेहरे सर्व बाजूंनी दिसतात. ते सगळेच चेहरे सुखी असतात.

लालबाग राजवाड्याला मात्र जास्त वेळ द्यावा. १८८६ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि १९२१ पर्यंत तीन होळकर राजांच्या कारकिर्दींत ते चालू राहिले, त्यामुळे एखाद्या विद्यापीठाच्या इमारतीचे काम रखडले म्हणून हळहळणाऱ्याला इथे दिलासा मिळतो. त्याची फाटके लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांच्या धर्तीवर ओतवून घेतलेली आहेत आणि नाचाच्या दालनाची लाकडी जमीन पावलाला उसळी द्यावी म्हणून स्प्रिंगांवर बसवलेली आहे. पण खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासकाचे लक्ष वेधून घेते ते स्वयंपाकघर. ते राजवाड्यात नसून खान नदीच्या पलीकडच्या काठावर होते, आणि शिजलेले अन्न एका भुयारातून अलीकडे आणले जाई. फोडणीचा वास दरबारापर्यंत पोचू नये हा त्यामागचा हेतू असेल तर तो समजण्यासारखा आहे. पण हिंगजिऱ्याचा वास आल्याशिवाय ज्याला भूक लागत नाही अशा मराठी माणसाला, राज्य मिळूनही असे जेवण नशिबी यावे, याचे मनापासून वाईट वाटते. आमटी गरम पोचत असे की नाही, याचा खुलासा तिथल्या फलकांवरून होत नाही.

माणिकबागेची कथा याहून उपरोधिक आहे. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून १९३०च्या दशकाच्या आरंभी हा महाल बांधून घेतला. तो त्या काळच्या भारतात अत्यंत आधुनिक मानला गेला, आणि त्यातले निवडक फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात विकले जाऊन जगभरच्या संग्राहकांकडे गेले. महाल स्वतः केंद्रीय करखात्याच्या कार्यालयाकडे गेला. परिणामी आधुनिक वास्तुकलेचा हा नमुना आतून पाहायची इच्छा असणाऱ्यापुढे निबंध लिहिणे हा मार्ग नसून वस्तू व सेवा कर थकवणे हाच खात्रीचा मार्ग उरतो, आणि अध्यापकाच्या उत्पन्नात तेवढी सोय नसते.

तरीही प्रतिनिधीच्या मनात दिवसभर घोळत असतो तो सराफा. राजवाड्याला खेटून असलेल्या या अरुंद गल्ल्यांत दिवसा सोन्याचांदीचे व्यवहार चालतात. रात्री पेढ्यांची शटर खाली ओढली गेली की त्याच पेढ्यांच्या ओट्यांवर आणि त्यांच्यासमोर कढया, तवे, परातींचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा राहत नाही. गर्दी असली की चोरी होत नाही म्हणून सराफांनीच या खाद्यबाजाराला आसरा दिला, असे सांगितले जाते. हे खरे असेल तर जगातील सर्वांत स्वस्त पहारा हाच म्हणावा लागेल, कारण इथे पहारेकरी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन जागतात.

गल्लीच्या तोंडाशी मक्याचा कीस शिजत असतो. कोवळी कणसे किसून तो कीस तुपाच्या फोडणीवर परततात, दूध घालून आटवतात आणि वर लिंबू, खोबरे, कोथिंबीर देतात. किसाचा संबंध उपासाच्या बटाट्याशी जोडणाऱ्या मराठी मनाला हा धर्मांतरासारखा धक्का असतो. साबुदाण्याची खिचडी पातेल्यातून काढून, मसाला आणि फराळी चिवडा मिसळून, हातानेच ढवळून तोलून दिली जाते, तीही एकादशी नसताना. थंडीत गराडू मिळतो. हा कोनफळाच्या गोतातला कंद तुकडे करून दोनदा तळतात आणि त्यावर जीरावन व लिंबू मारतात. शिकंजी म्हणून जो पेला हाती येतो त्यात लिंबाचा थेंब नसतो. घट्ट दूध, ताक आणि सुकामेवा यांचा तो असा पदार्थ असतो की प्यावा की खावा याचा निर्णय चमच्याने करावा लागतो. ‘जलेबा’ नावाची जिलबी एका माणसासाठी नसते हे ती बशीबाहेर लोंबकळू लागल्यावर कळते.

जोशी दहीबडा हाउससमोर मात्र थांबून पाहण्यासारखे काही आहे. दह्यात बुडवलेला वडा द्रोणात घालून तो द्रोण वर हवेत फेकतात आणि गरकन फिरून खाली आलेला झेलतात. दह्याचा थेंब सांडत नाही. मग मीठ, मिरची, जिरे असे निरनिराळे मसाले एकाच चिमटीत उचलून, बोटांच्या वेगवेगळ्या फटींतून एकेक करून, वड्यावर एकमेकांत न मिसळता सोडतात. भौतिकशास्त्राच्या चर्चासत्राला आलेले प्राध्यापक या ठिकाणी घूर्णी गती समजावून सांगू लागतात. त्यांच्या वर्गात कधी नसते एवढी शांतता त्या वेळी आजूबाजूला असते, पण ती द्रोणासाठी असते.

सराफ्यात खुर्च्या नसतात, आणि विद्वत्तेच्या दृष्टीने हीच त्या जागेची थोरवी आहे. सभागृहात कोणी कुठे बसावे, हार कोणाला आधी घालावा, व्यासपीठावर डावीकडे कोण, यावर आयोजकांच्या बैठका झालेल्या असतात. इथे कुलगुरू आणि संशोधक विद्यार्थी एकाच द्रोणातून गराडू उचलतात आणि पाठीमागून आलेल्या एकाच स्कूटरला वाट देतात. ज्या मार्गदर्शकाने तिसरे प्रकरण सात महिने वाचले नव्हते तो रबडीच्या दुसऱ्या वाटीपाशी ‘तसे ते ठीक आहे, पुढे जा’ असे सांगून टाकतो. सत्रात ज्या निबंधावर एकही प्रश्न आला नाही त्याच्यावर मालपुवा खाताना अर्धा तास भांडण होते, आणि ते खरे भांडण असते, कारण त्याचे गुण कोणालाच मिळणार नसतात.

या साऱ्यात एक अडचण मात्र उद्भवते. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सलग सात वेळा पहिले आले, त्यातल्या सातव्या वेळी सुरतेबरोबर विभागून. त्यामुळे रिकामा द्रोण कुठे टाकावा याविषयी पाहुण्याच्या मनात घरच्या गावी कधी न जाणवलेला धाक उत्पन्न होतो. हातात चिकट द्रोणांची चवड घेऊन कचराकुंडी शोधत निघालेला अर्थशास्त्राचा विभागप्रमुख हे सराफ्यातील नेहमीचे दृश्य आहे. कुंडी चार पावलांवरच असते, पण वाटेत खोबऱ्याचे पॅटिस लागते, आणि चवडीत एका द्रोणाची भर पडते.

समारोपाच्या दिवशी प्रमाणपत्रे वाटली जातात, आयोजनाची प्रशंसा होते, आणि बाहेर रिक्षा उभ्या राहतात. परतीच्या पिशवीत लवंगी शेव आणि रतलामी शेव मिळून किलो-दोन किलोचा ऐवज जायचा असतो, तर चर्चासत्राच्या निबंधांचा ग्रंथ जाडजूड पुठ्ठ्याचा असतो. दोन्ही एका पिशवीत मावत नाहीत, आणि इंदूरच्या लॉजमधल्या टेबलांच्या खणांत अशा ग्रंथांचा चांगला संग्रह झालेला असावा. गावी पोचल्यावर स्टाफरूममध्ये निबंध कसा झाला हे कोणी विचारत नाही. ‘काय आणलंत?’ एवढेच विचारले जाते आणि शेव दुसऱ्या तासापर्यंत संपते. उरतो तो प्रवासभत्त्याचा प्रश्न. देयकाला जोडलेल्या कागदांत रात्री साडेदहा वाजता निवासस्थान ते सराफा अशी रिक्षाभाड्याची नोंद पाहून कार्यालयातील लेखनिक ‘प्रयोजन नमूद करावे’ असा शेरा मारतो. प्रतिनिधी त्याखाली ‘क्षेत्रभेट’ असे लिहून देतो. अभ्यासविषयाची प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेली पाहणी असा त्याचा अर्थ असल्याने त्यात खोटे काहीच नसते. तरीही लेखनिकाच्या टेबलावर शेवेचा एक पुडा पोचेपर्यंत देयक पुढे सरकत नाही, आणि त्या पुड्याची पावती कोणत्याच देयकाला जोडता येत नाही.